वर्षाच्या आत चढलेली कढई

काकासाहेबांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. सात महिने झाले होते फक्त. होळीला त्या घरात पुरणपोळी झाली नाही, पाडवा नुसत्या भाकरीवर गेला. शेजारपाजारून गोडाची ताटं आली ती खाल्ली, पण गॅसवर कढई म्हणून चढली नाही. वर्षाच्या आत तळण करायचं नाही हा पुष्पावतीबाईंचा शब्द, आणि पुणतांब्यातल्या त्या घरात त्यांच्या शब्दापुढं कुणाचं काही चालत नसे. असं असताना धोंड्याच्या महिन्यातल्या त्या शुक्रवारी सकाळी सात वाजता त्यांची सून रेश्मा कढईत तूप तापवून अनारसे तळत होती, आणि तळायला सांगितलं होतं खुद्द पुष्पावतीबाईंनी.

"धोंडा तीन वर्सांनी येतो. जावयाला अनारसं दिल्याबिगर कसं चालंल?" असं त्या म्हणाल्या होत्या. तोंड त्यांचं होतं, पण बोल अमृतचे होते. चौदा वर्षं या मायलेकांबरोबर काढल्यावर एवढं रेश्माला कळत होतं. शिवाय मागच्या धोंड्याला, सासरे धडधाकट असताना, याच जावयाची बोळवण एका टॉवेल-टोपीवर झाली होती. मग आताच त्याच्यासाठी तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट आणि पाच वारांचं शर्ट-पँटचं कापड?

पहिलाच अनारसा तुपात हसला. म्हणजे फुलायच्या ऐवजी विरघळून कढईभर पसरला. रेश्मानं झाऱ्यानं ते तुकडे गोळा केले आणि दाराकडं पाहिलं. पुष्पावतीबाई उंबऱ्याच्या पलीकडं पाट टाकून बसल्या होत्या. तिथूनच त्या "आच कमी कर, पिठात केळं कुस्कर" अशा सूचना देत होत्या, पण सकाळपासून त्यांनी ना झाऱ्याला हात लावला होता ना पिठाला. तळण तर करवून घ्यायचं आणि वर्षही मोडायचं नाही, असा त्यांचा हिशेब दिसत होता.

तेवढ्यात अमृत आला. सकाळी सात वाजता इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यानं आवाज खाली आणला.

"आक्का आली की तिला जरा बोलन्यात घे. तुझं ऐकंल ती."

"माझं कशाला ऐकतील आक्का?"

"तू सोडलंस ना तुझ्या भावासाठी? तेच सांग. म्हनावं, बाईच्या जातीला भावाचं दार उघडं असनं महत्त्वाचं. तुझ्या तोंडून शोभंल ते. न्हाईतर तिचं काय चाललंय ते मी तुला सांगितलंच हाय. तिला वाटा पायजे, आन त्यो बी बागंकडचा."

बाग म्हटलं की रेश्माच्या काळजाला हात घातल्यासारखं व्हायचं, आणि हे अमृतला पक्कं ठाऊक होतं.

गोदावरीच्या अंगाला दोन एकर पेरूची बाग होती. तिची बाग. 'तिची' हे तिचं म्हणणं. सातबाऱ्यावर काकासाहेबांचं नाव होतं आणि त्यांच्या माघारी तिथं तीन नावं लागली होती, पुष्पावती, त्यांची लेक पंकजा, म्हणजे अमृतची आक्का, आणि अमृत. पण नऊ वर्षांपूर्वी त्या चोपण, खारवट तुकड्यात लखनौ पेरूची रोपं आणून लावली ती रेश्मानं. दोन उन्हाळे कळशीनं पाणी घातलं ते तिनं, आणि राहात्याच्या बाजारात क्रेट लावून व्यापाऱ्यांशी हुज्जत घालत उभी राहिली तीही तीच. दर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडायचं, झाडं ताणावर ठेवायची, पानं गळू द्यायची. मग आळ्यांत शेणखत भरायचं आणि मृगाच्या तोंडावर पाणी सोडायचं, म्हणजे हिवाळ्यात फांद्यांना टेकू द्यावे लागतील असं फळ लागतं. यंदा ताण पुरा झाला होता. खताच्या चार ट्रॉल्या तिनं सांगूनही ठेवल्या होत्या. आणि अमृत म्हणाला होता, "खत राहू दे यंदा." का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बघू." नवरा 'बघू' म्हणाला की त्याचं काहीतरी आधीच बघून झालेलं असतं, हे कुठल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

त्यातच मागच्या महिन्यात ती बाजाराहून परतली तर बागेच्या चारी कोपऱ्यांना तांबड्या रंगानं रंगवलेले दगड. "ठिबकवाले आल्ते," अमृत म्हणाला. ठिबकवाले दगड रंगवत फिरतात हे तिला नवीन होतं. पण नणंद बागेकडची बाजू मागते आहे, असं त्यानं एकदा सांगितल्यावर तिची सगळी शंका पंकजाच्या सासरकडं, सावेडीकडं वळली. पंकजाचा फोन आला की सासूबाई मोबाईल घेऊन गोठ्याकडं जातात, हेही तिनं पाहिलं होतं. रेश्मानं दोन आणि दोन चार केले, आणि ते चुकीचे आहेत अशी शंकाही तिला आली नाही.

माहेरच्या जमिनीचं हक्कसोड तिनं स्वतः दिलं होतं दोन वर्षांपूर्वी. नेवाशाकडच्या माहेरी पंचमीला भावानं नेलं, वाटेत कचेरीशी गाडी थांबवली, "ताई, एवढी एक सही" म्हणाला. तिनं कागद वाचलाही नाही. भाऊ म्हणतोय म्हटल्यावर वाचायचं काय? एक हिरवी साडी मिळाली. त्यानंतरच्या पंचम्यांना मात्र भावाची गाडी आली नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, अमृतलाही नाही.

"बरं, सांगते," ती म्हणाली आणि दुसरा अनारसा तुपात सोडला. हा मात्र नीट फुलला.

दहा वाजता सूर्यभानरावांची गाडी अंगणात आली. सूर्यभानराव मोठे हसतमुख गृहस्थ. सावेडीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि बोलण्यात साखर पेरायची सवय होती. त्यांनी उतरल्या उतरल्या अमृतला मिठी मारली. दोघं मेव्हणे दहा वर्षांत एकमेकांना मिठी मारताना कुणी पाहिले नव्हते.

पंकजा मागून उतरली. एका खासगी दवाखान्यात परिचारिका म्हणून वीस वर्षं काढलेली बाई. तिची नजर माणसावर पडली की आधी त्याचा ताप मोजत असावी असं वाटे. तिनं आईच्या पाया पडून घेतलं. मग दारातून नाकाला तुपाचा वास आला तशी ती थबकली.

"आई, तळण? दादांचं वर्ष झालं नाही अजून."

"धोंडा हाय बाई," पुष्पावतीबाई दुसरीकडं बघत म्हणाल्या.

पंकजानं त्यावर काही विचारलं नाही. रेश्मानं पुढं केलेला पाण्याचा तांब्याही घेतला नाही. "आधी बाग बघून येते," म्हणाली.

रेश्मानं तांब्या तसाच ओट्यावर ठेवला. आल्या पावली बाग बघायची म्हणजे मोजमाप करायचं असणार. तिनं गॅस बंद केला, पदर खोचला आणि "मी बी येते आक्का, काटंकुटं हायत," म्हणत नणंदेच्या मागं निघाली.

बाग उघडीबोडकी उभी होती. पाचोळा पायाखाली चुरचुरत होता. पंकजा एका झाडाशी वाकली, आळ्यातली माती बोटांनी उकरली.

"कोरडी आहेत आळी. खत नाही भरलं?"

"आमचं हे म्हनले यंदा राहू दे."

"असं." पंकजा उभी राहिली. हात झटकले. "म्हणजे तुलाही सगळं ठाऊक आहे."

"काय ठाऊक हाय?"

"नाटक नको करू रेश्मा. मी काही तुझ्या दारात भीक मागायला आलेली नाही. मोजणी मागवायची होती तर एक फोन करायचा होता, मी नाही म्हणाले असते का?"

"मोजणी? कुनी मागवली मोजणी?"

पंकजानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. भूमी अभिलेख कचेरीची नोटीस होती. पत्ता सावेडीचा, नाव पंकजाचं. अर्जदार म्हणून अमृत काकासाहेब. खाली मोजणीची तारीख. रेश्मानं ती तारीख दोनदा वाचली. त्या दिवशी ती राहात्याच्या बाजारात कोथिंबीर घेऊन बसली होती. बाग ताणावर असताना दुसरं काही विकायला नव्हतं म्हणून गेली होती, आणि जा म्हणून अमृतनंच सांगितलं होतं.

"ही तुमाला आली," ती सावकाश म्हणाली, "आन मी हितं ऱ्हाते, मला कशी न्हाई आली?"

"ज्यांची नावं असतात त्यांना येते. तुझं नाव कुठं आहे?"

हे पंकजा टोचून बोलली नव्हती. दवाखान्यात रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं तिनं. रेश्मानं नोटीस परत दिली. रंगवलेला एक दगड समोरच होता आणि दोघीही त्याच्याकडंच बघत होत्या.

"आक्का, खरं सांगा. तुमीच वाटा मागितलाय ना? बागंकडची बाजू?"

"कोण म्हणालं?"

रेश्मानं घराच्या दिशेनं पाहिलं.

"अमृत म्हणाला," पंकजानं स्वतःच उत्तर दिलं. "मी काही मागितलेलं नाही. दादांच्या माघारी नाव लागलं ते कायद्यानं लागलं. ही नोटीस आल्यावर मी आईला फोन केला, मोजणी कशाला? तर आई म्हणाली, तुझ्या भावजयीलाच इचार, तिचंच डोकं हाय ते."

"माझं डोकं?"

"आई म्हणाली."

गोदावरीच्या बंधाऱ्यावरून आलेला वारा पाचोळा ढकलत गेला. रेश्माला एकदा वाटलं ही बाई खरं बोलते आहे. आणि लगेच वाटलं, शिकलेली बाई, घर फोडायला हिला काय लागतं? नोटीस तर खरी आहे. पण खरा कागद दाखवून खोटं बोलता येतं की. पंकजाच्या चेहऱ्यावरही काही वेगळं नव्हतं. तीही भावजयीला आरपार बघायचा प्रयत्न करत होती आणि तिलाही काही थांग लागत नव्हता.

"आक्का! ऊन लागंल!" बांधावरून अमृतची हाक आली. तो चपला न घालताच धावत आला होता. दोघींना एकत्र बघून त्याचं हसू जरा जास्तच रुंद झालं. "काय चाललंय नणंदा-भावजयांचं?"

"पेरू बघत होतो," पंकजा म्हणाली.

झाडावर एक पेरू नव्हता.

साडेअकरालाच पानं मांडली. एवढ्या लवकर कशाला, असं पंकजानं विचारलं तर अमृत म्हणाला दाजींना भूक लागली असंल. सूर्यभानराव पाटावर बसले. समोर तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यावर तेवता दिवा. रेश्मानं धोंडे वाढले. पुरण भरून उकडलेले गोळे, वर तुपाची धार. सूर्यभानरावांनी एका घासात अर्धा धोंडा मटकावला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा वहिनी! या हाताला सोन्याचं कडं पाहिजे."

रेश्मा तुपाचं भांडं घेऊन मागं उभी राहिली. पंकजा आईशेजारी भिंतीला टेकून बसली होती. बायकांची पानं नंतर. अमृतनं दोन घास खाल्ले, पाणी प्याला, आणि जणू आत्ताच आठवल्यासारखं म्हणाला,

"आक्का, परत जाताना राहात्याला दोन मिन्टं थांबू. एक सही हाय."

"कसली?"

"हक्कसोडाची. न्हाई, काय हाय, दर कागदाला तिघांच्या सह्या लागत्यात. तुला दर खेपंला सावेडीहून यायला लागतं, दवाखाना बुडतो तुझा. आईची बी आजच घेतो. तीनची वेळ मिळालीय."

सगळं घर पंकजाकडं बघत राहिलं. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"आज नाही जमायचं. आधार कार्ड आणलं नाही मी."

रेश्माला वाटलं, चला, टळलं. आणि आपल्याला तसं का वाटावं याचं तिला नवल वाटलं, कारण अमृतनं सांगितलेलं बोलणं सकाळपासून ती पाठ करत होती ते या सहीसाठीच.

सूर्यभानरावांनी बोटाला लागलेलं पुरण चाटलं, उजवा हात ताटाबाहेर धरला आणि डाव्या हातानं शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली.

"हे घे. मी आणलंय."

आधार कार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स, आणि पंकजाचे चार फोटो. पंकजा उठली नाही. पण तिच्या मानेवरची शीर उडताना रेश्माला दिसली.

"माझ्या कपाटाला कुलूप असतं," ती म्हणाली.

"असतं की. किल्ली देवाऱ्यात असते." सूर्यभानराव हसले. कुणी हसलं नाही, म्हणून त्यांनी पुढं सारवासारव सुरू केली. "अगं, एवढं काय त्यात? मी घराचाच विचार केला. आपला काही तोटा नाही. रस्त्याला लागून कोपऱ्याचा प्लॉट अमृतरावांनी आपल्यासाठीच…"

अमृतला ठसका लागला. मोठा ठसका, पाण्याचा तांब्या सांडण्याइतका. पण शब्द निघून गेला होता.

"कसला प्लॉट दाजी?" रेश्मानं विचारलं.

सूर्यभानरावांनी मेव्हण्याकडं पाहिलं. मेव्हण्यानं बायकोकडं.

"तू तूप वाढ," अमृत म्हणाला.

तिनं तूप वाढलं. धार धोंड्यावर पडायच्या ऐवजी ताटाच्या कडेनं गेली. बिनखताची आळी, रंगवलेले दगड, वर्षाच्या आत चढलेली कढई, दोघा मेव्हण्यांची मिठी, एकेक करून सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं, आणि या सगळ्यात नणंद कुठंच नव्हती. शंका घ्यायची ती माणसं समोर पाटावर बसून तिच्याच हातचे अनारसे खात होती.

ती आत गेली. पुष्पावतीबाई तिच्या मागोमाग आल्या आणि ओटीचे तांदूळ सुपात घेऊन निवडायला बसल्या. ओटी भरायला त्यांचा हात चालत नव्हता. सात महिन्यांपूर्वी कुंकू गेलं तसा तो हक्कही गेला. तांदूळ निवडायला मात्र चालत होता.

"आत्याबाई, बाग इकायचीय?"

"हळू बोल. जावई बसल्यात भाहीर."

"तुमाला ठावं हुतं?"

"माझ्याबिगर तो काय करतो का?" त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "शिर्डीत लॉज घेतोय भागीत. पोरं मोठी व्हत्यात, त्यांला काय पेरू इकायला लावायचं? रस्ता हुतोय म्हनं तिकडून, प्लॉट पडत्याल. पंकीची सही झाली की मंग तो मोकळा."

"आन मला कुनीच सांगितलं न्हाई. उलट आक्कांना सांगितलं माझंच डोकं हाय म्हनून."

"मंग काय सांगू? लेकीनं पोराशी भांडावं का? तुझ्याशी भांडली तर चालतंय."

"आत्याबाई, नऊ वर्सं मी त्या बागंत…"

"केलंस की. कोन न्हाई म्हनतं?" पुष्पावतीबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, दुष्टावाही नव्हता. खरंच न कळल्यासारखं त्या बघत होत्या. "पर तुला कशाला सांगायचं? तुझी का हाय ती?"

बाहेर सूर्यभानराव ढेकर देत होते. रेश्मा ओट्याला धरून उभी राहिली. टोमणा असता तर तिनं टोमणा मारला असता. शिवी असती तर रडली असती. पण सासूबाईंनी फक्त जे आहे ते सांगितलं होतं.

"मी बी दिलं माझ्या भावाला," पुष्पावतीबाई पुन्हा सुपाकडं वळत म्हणाल्या. "माझ्या थोरल्या बहिनीनं, बनुबाईनं बी दिलं. अंगठा दिला तिनं तर. कुनाचं काय अडलं?"

"बनुमावशी शेवटी कुठं हुत्या आत्याबाई? माहेरी गेल्त्या ना मालक वारल्यावर? किती दिस ठिवलं भावानं?"

पुष्पावतीबाईंची बोटं थांबली. मग त्या उठल्या, सूप रेश्माच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ओटी भर. उशीर हुतोय."

पंकजा पूर्वेकडं तोंड करून पाटावर बसली होती. पदर पसरलेला, पण अंग ताठ. गाडी अंगणात सुरू करून ठेवलेली होती. सूर्यभानराव पान खात दारात उभे होते. अमृत रेश्माच्या अगदी मागं आला आणि कानाशी कुजबुजला,

"सांग आता. तू सोडलंस तसं. गोड बोल."

रेश्मानं हळदकुंकू लावलं. नारळ, खण, हळकुंड, सुपारी पदरात ठेवली. मग तांदळाची ओंजळ. पहिली, दुसरी. पंकजा तिच्याकडं बघत नव्हती. तिसरी. या बाईनं आज सही केली तर कार्तिकात सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत बागेत झाड उरणार नाही. नाही केली तर? तर हे घर रेश्माला जगू देणार नाही. चौथी. पाचवी ओंजळ टाकताना तिचे हात नणंदेच्या पदरावरच थांबले.

"आक्का," ती म्हणाली, "सही करू नका."

पंकजानं मान वर केली.

"काय म्हनली?" अमृतला ऐकू आलं होतं, तरी त्यानं विचारलं.

"म्हनले, सही करू नका. सही झाली की बागंत जेसीबी फिरंल."

"डोकं फिरलंय का तुझं? तू कोन सांगनारी? तुझं काय हाय हितं?"

"काय न्हाई," रेश्मा म्हणाली. पाचव्या ओंजळीचे तांदूळ तिनं पदरात सोडले. "म्हनून तर आक्कांना सांगते. त्यांचं हाय."

अमृत एक पाऊल पुढं आला. पंकजा पाटावरून उठली, पदरातली ओटी दोन्ही हातांनी सावरत, आणि दोघांच्या मधे उभी राहिली. वीस वर्षं दवाखान्यात दारुड्या नातेवाइकांना थोपवून तिला हे चांगलं जमत होतं.

"पंकजा, चल. तीनला पोहोचायचंय," सूर्यभानराव दारातून म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं. कार्ड आहे, फोटो आहेत, किल्लीची जागाही ठाऊक आहे तुम्हाला. सहीपण तुमचीच चालते का बघा."

सूर्यभानरावांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. गाडी मात्र बाहेर घुरघुरत होती.

"बरं!" अमृत ओरडला. आता त्याला पाहुण्यांची भीड राहिली नव्हती. "सही नको तर नको. पर तू ऐक, रेश्मे. उद्यापासनं बागंत पाय ठिवायचा न्हाई."

"ठेवील," पंकजा म्हणाली. "मोजणी तूच केलीस, दगडही रंगवलेत. आता रीतसर वाटप कर आणि बागेकडची बाजू मला दे. माझ्या हिश्श्यात ती पाय ठेवील, खतही टाकील. तुला विचारायला येणार नाही."

रेश्माला हायसं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. आणि मग ते शब्द तिच्या कानात नीट उतरले. बागेकडची बाजू. अमृत सांगत होता ते हेच. म्हणजे तो खोटं बोलत होता, का एवढंच एक खरं बोलला होता? ही बाई आत्ता आपल्यासाठी उभी राहिली आहे की बागेसाठी? कोपऱ्याच्या प्लॉटला भुलणारा नवरा हिच्याही घरात आहेच. भावाच्या तोंडाकडं बघून एकदा तिनं सही केली होती. आता नणंदेच्या तोंडाकडं बघून गप्प बसायचं?

"आक्का, हे लिहून द्याल?"

कुणालाच आधी कळलं नाही. मग अमृत हसला, मोठ्यानं, टाळी वाजवून. "बघ! बघ आक्का, कुनापायी भांडतीस ते! तुझ्यावर बी इस्वास न्हाई तिचा!"

"अगं, तुझ्यासाठी उभी ऱ्हायली ती," पुष्पावतीबाई कळवळून म्हणाल्या. "तिलाच असं म्हनतीस?"

"म्हनते," रेश्मा म्हणाली. "बाग मी करनार, माझ्या जिवंतपनी इकायची न्हाई, एवढं लिहून द्या. तोंडी नको मला."

पंकजाचा चेहरा लाल झाला. एवढं केल्यावर हे ऐकून घ्यायचं! ओटीतला नारळ तिनं खाली ठेवला तो जरा आदळूनच. ती भावजयीकडं बघत राहिली, आणि रेश्माही मान खाली न घालता बघत राहिली. ही बाई आता गाडीत बसून निघून जाईल, असं तिला वाटत होतं.

"कागद आण," पंकजा म्हणाली.

रेश्मानं आतून पोरांची वही आणली, कोरं पान काढून दिलं, पेन दिलं. पंकजा त्याच पाटावर मांडी घालून लिहायला बसली.

"आणि नुसतं घेऊन ठेवू नकोस," ती वर न बघता म्हणाली. "वाचून घे. माझं अक्षर असलं तरी वाचून घे. वकिलाकडूनही बघून घे."

रेश्मा तिच्याशेजारी टेकली, आणि पंकजा लिहीत होती तोवर तिच्या खांद्यावरून एकेक शब्द वाचत राहिली.